अंगठ्यानं बघायची पेटी

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या चकाकीवर जाऊ नका. मी एक जुनी दोऱ्यांची पेटी आहे, दोन पिढ्यांनी वापरलेली आणि तिसरीच्या हाती आलेली. ही चकाकी मला फार उशिरा मिळाली, आणि खरं सांगायचं तर ती मिळाली नसती तर बरं झालं असतं. पण ते पुढे येईलच. आधी जन्माची गोष्ट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, पेटीला काही वळणच नाही.

एका सुताराकडे मोठं टेबल करून उरलेल्या फळ्या पडल्या होत्या. त्यांतून मी झाले. टेबलाच्या लाकडातली वळणदार रेघ माझ्या झाकणावर जशीच्या तशी उतरली होती. सुतार म्हणाला, "बघा, टेबलाची लेक शोभते की नाही!" पोटात रिळं उभी करायला खुंट्यांच्या ओळी, प्रत्येक ओळीपुढे बोटभर रुंद लाकडी काठ, आणि वर बिजागरीचं झाकण, असा माझा थाट होता. मला विकत घेतलं ते एका तरुण शिंप्यानं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं, दुकानही नवं होतं. सगळे त्याला मास्तर म्हणत, मीही मास्तरच म्हणते. बायको म्हणून मग ती मास्तरीण.

मास्तरांच्या हाताला काय जादू होती म्हणून सांगू! फाटलेल्या कोटाला रफू केलं की मालकालाच भोक सापडायचं नाही. पण या मास्तरांचं एक गुपित होतं. जगात ते तिघांनाच ठाऊक होतं: मास्तरांना, मास्तरणीला आणि मला. मास्तरांना तांबडा, हिरवा आणि तपकिरी हे रंग वेगवेगळे दिसत नसत. निळा दिसायचा, पिवळा दिसायचा, काळं-पांढरं तर दिसायचंच. पण हे तीन रंग म्हणजे त्यांच्या डोळ्यांना एकाच मळकट घरातली भावंडं. लहानपणापासून त्यांचं तसंच होतं, आणि लहानपणापासून ते लपवत आले होते. रंग न कळणाऱ्या शिंप्याकडे कोण फिरकणार?

लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते मास्तरणीपुढे उघडं पडलं. मोठ्या हौसेनं त्यांनी तिच्या हिरव्या पोलक्याला हातशिलाई केली, ती तपकिरी दोऱ्यानं. मास्तरीण आधी हसली. मग नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहिला आणि हसू तिथल्या तिथं गिळलं. स्वयंपाकघरातून सुरी आणली, मला मांडीवर घेतलं आणि माझ्या काठांवर खाचा पाडायला बसली. तांबड्याच्या खुंटीपुढे एक उभी खाच, हिरव्यापुढे दोन, तपकिरीपुढे एक तिरपी. गडद छटा असेल तर खाच खोल, फिकी असेल तर उथळ. मला दुखलं, नाही म्हणत नाही. पण काम संपल्यावर मास्तरांनी डोळे मिटून माझ्या काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगं, दिसायला लागलं की गं मला!" तेव्हा मला वाटलं, आपण पेटी झालो ते सार्थकी लागलं.

त्या दिवसापासून कुठलंही रीळ उचलण्याआधी मास्तरांचा अंगठा काठावरून सरकायचा. खुंटी नेमकी सापडायची. राहता राहिला गिऱ्हाइकाच्या कापडाचा रंग. त्यावर मास्तरांनी गमतीची तोड काढली होती. कापड पुढ्यात आलं की हसत म्हणायचे, "या रंगाचं नाव तुम्ही सांगा, दोरा मी देतो." लोकांना वाटायचं, मास्तर मोठे गमत्ये आहेत. बायका हौसेनं सांगायच्या, गडद तपकिरी, शेवाळी, डाळिंबी. मास्तर माझ्याकडे वळायचे आणि दोरा असा जुळवून द्यायचे की बघणाऱ्यानं बघतच राहावं. रंग जुळवावा तर मास्तरांनीच, असा त्यांचा लौकिक झाला. आम्ही तिघं मनातल्या मनात हसायचो.

त्यांना एकच मुलगी झाली. तिला लाडानं सगळे ठकी म्हणत. मास्तरांचा सगळा जीव तिच्यात. तिच्यावर आवाज म्हणून कधी चढवला नाही, एक प्रसंग सोडून. खेळताना तिनं माझी सगळी रिळं काढली, त्यांची आगगाडी केली आणि नंतर हाताला येतील तशी खुंट्यांवर ठोकली. मास्तर असे ओरडले की ठकी दाराआड जाऊन लपली. "माझ्या पेटीला हात लावायचा नाही!" नंतर ते मागच्या खोलीत जाऊन बसले, आणि मास्तरणीनं मुकाट्यानं सगळी रिळं जागच्या जागी लावली. एवढ्याशा गोष्टीला बाबा एवढे का चिडले, हे ठकीला कळलं नाही. कोणी सांगितलंही नाही. मित्रांनो, त्या घरातल्या या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं. लेकीला जवळ घेऊन तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचं महाभारत टळलं असतं.

ठकी मोठी झाली, हातात सुई घेऊन बसायला लागली. तिचे डोळे तिखट होते. ती अंगठा न फिरवता, लांबूनच बघून शेवाळी आणि तपकिरी वेगळे करायची. तिचं लग्न झालं ते सायकली दुरुस्त करणाऱ्या एका उंच, शांत माणसाशी. तो इतका उंच की दुकानात शिरताना वाकायचा. त्यांना मुलगा झाला, तोही बापासारखा वाढायला लागला, म्हणून नाव पडलं लंबू.

लंबू पाळण्यात होता तेव्हापासून त्या घरात एक खेळ सुरू झाला. तो तुमच्याही घरी चालत असेल. हा कोणावर गेलाय? नाक कोणाचं, कान कोणाचे, हसणं कोणाचं? ठकी या वाटणीत फार पक्की होती. कान माझ्या बाबांचे, बोटं माझ्या बाबांची, हनुवटी माझ्या आईची. लंबूनं दूध सांडलं, चप्पल हरवली, पडून गुडघा फोडला की मात्र ती नवऱ्याकडे बघून म्हणायची, "हा वेंधळेपणा तुमच्या घराण्यातला!" नवरा चाकाला हवा भरत म्हणायचा, "बरं बाई. उंची तेवढी आमची ठेव." चांगलं तेवढं माहेरचं आणि वाईट तेवढं सासरचं, असा तिचा सरळ हिशेब.

मास्तर म्हातारे झाले होते, मास्तरीण गेली होती. नातू त्यांच्या पायांशी बसून रिळांशी खेळायचा. एकदा मास्तर त्याला म्हणाले, "ते हिरवं दे रे." मास्तरांच्या मनात काही नव्हतं, सहज म्हणाले. पोरानं माझ्यातून तपकिरी उचलून दिलं. मास्तरांनी रिकाम्या झालेल्या खुंटीपुढे नेहमीसारखा अंगठा फिरवला, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी आणखी दोनदा मागितलं. पोरानं दोनदा चुकीचंच दिलं, तेही अगदी खुशीत. मास्तरांनी त्याचा चिमुकला अंगठा धरला आणि माझ्या खाचांवरून फिरवला. "इथं बघायचं," म्हणाले, "डोळ्यांनी नाही, इथं." मग तो त्यांचा रोजचा खेळ झाला, आणि जोडीला ते त्याला शेजारी बसवून चिंध्यांवर रफूचे टाके घालायला शिकवू लागले. ठकीला सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. दोनतीनदा तोंडही उघडलं, आणि तिनं "काय हो बाबा?" म्हटल्यावर "काही नाही, पाणी दे" म्हणून मिटलं. आपलं लपवलेलं लेकीच्या मुलात कसं गेलं, हे त्यांनाच उमजत नव्हतं. पुढच्या थंडीत ते गेले.

मग दुकान बंद झालं आणि मी माळ्यावर गेले. ठकी रुग्णालयाच्या चादरी शिवण्याच्या कारखान्यात लागली. पांढरं कापड, पांढरा दोरा, माझं तिथं काय काम? कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. गुंडाळलेल्या गादीशेजारी मी वर्षानुवर्षं पडून राहिले. माळ्यावरच्या वस्तूला कोणी शिव्या देत नाही आणि कोणी हाकही मारत नाही.

लंबू हाताशी आला तेव्हा ठकीनं कारखाना सोडून बापाचं दुकान पुन्हा उघडायचं ठरवलं. मला खाली काढलं, पदरानं पुसलं, कवटाळून रडली. "बाबांची पेटी अशी कळकट ठेवायची नाही," म्हणाली, आणि मला सुताराकडे घेऊन गेली. सुतारानं विचारलं, "या काठांवर काय कोरलंय?" ठकी म्हणाली, "काही नाही हो, वापरून वापरून चरे पडलेत. घासून टाका सगळे."

मी लाकूड. मला ओरडता येत नाही. पॉलिशपेपर माझ्या काठांवरून फिरत राहिला आणि मास्तरांचे डोळे भुशासारखे खाली पडले. सुतारानं वर पॉलिशचे दोन हात मारले. ठकी म्हणाली, "आता कशी बाबांना शोभेलशी झाली!" तिच्याइतक्या प्रेमानं कोणी कधी एवढं नुकसान केलं नसेल.

पहिले काही महिने गाडी नीट चालली, कारण दोरा ठकी काढून द्यायची आणि लंबू शिवायचा. काय त्याचे टाके! हुबेहूब मास्तर. मग गिऱ्हाइकं वाढली, ठकी मापं घ्यायला लागली, आणि लंबू स्वतः दोरा काढायला लागला. रीळ उचलण्याआधी त्याचा अंगठा माझ्या काठावरून फिरायचा. का फिरतो, हे त्याला आठवत नव्हतं. अंगठा काहीतरी शोधायचा, गुळगुळीत पॉलिशवरून घसरायचा, आणि पोरगं गोंधळून हाताला येईल ते रीळ उचलायचं. ठकी कौतुकानं गिऱ्हाइकांना सांगायची, "बघा, अंगठासुद्धा माझ्या बाबांसारखाच फिरवतो!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चुका व्हायला लागल्या. तांबड्या झग्याला हिरवी दुमड, तपकिरी विजारीला शेवाळी काजं. ठकी उसवून पुन्हा करायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. "लक्ष कुठंय तुझं?" लंबू म्हणायचा, "आई, मला सारखंच दिसतंय गं." त्यावर ती म्हणायची, "एक तर काम वाकडं, वर तोंड वर करून सांगतोस!" पोरगं हळूहळू बोलेनासंच झालं.

एकदा डोळ्यांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण कोट न्यायला आली. तिच्या आवडत्या तपकिरी कोटाच्या बाहीला भोक पडलं होतं. लंबूनं ते रफू केलं होतं, धागा न् धागा मोजून विणल्यासारखं. पण हिरव्या दोऱ्यानं. भर बाहीवर ते गवताच्या पुंजक्यासारखं दिसत होतं. ठकीनं कपाळाला हात लावला. दुकानात चार माणसं उभी होती. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "डोळे फुटलेत का तुझे?"

लंबूनं सुई पिनकुशनमध्ये खोचली. बोटावरचा अंगुस्ताना काढून माझ्या शेजारी ठेवला. "मी बाबांच्या सायकलच्या दुकानात बसतो," म्हणाला. "तिथं सगळं काळंच असतं. उद्यापासून मी सुई धरणार नाही, आई." आणि वाकून दाराबाहेर गेला.

डॉक्टरीण बाही उजेडात धरून बघत होती. तिला राग आलेला दिसला नाही. ती म्हणाली, "इतकं बारीक काम करणारा माणूस वेंधळा कसा असेल? त्याला उद्या माझ्याकडे पाठवा." बापानं समजावून त्याला पाठवलं. दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरीण स्वतःच दुकानात आली. ठकी होती, नवरा होता, आणि मी होते. लंबू यायला तयार झाला नव्हता.

"त्याला लाल, हिरवा, तपकिरी यांतला फरक दिसत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "जन्मापासूनचं आहे. तो खोटं बोलत नव्हता."

ठकीनं ते ऐकून घेतलं. पण सवय कुठं जाते? नवऱ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे तुमच्याच घराण्यात कुणाला तरी..."

"नाही," डॉक्टरीण म्हणाली. "मुलाला हे बापाकडून येतच नाही." तिनं माझ्या पोटातून रिळं काढून टेबलावर मांडली. "हे बघा. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, आणि आपण कसे होणार याच्या सूचना त्यांवर असतात. त्या सूचनांना जनुकं म्हणतात. गुणसूत्रं म्हणजे रिळं समजा, जनुकं म्हणजे त्यावरचा दोरा. रंग ओळखायचा दोरा एक्स नावाच्या रिळावर असतो. बाईकडे अशी दोन एक्स रिळं, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. पुरुषाकडे मात्र एकच, आईकडून आलेलं. वडील मुलाला देतात ते वाय नावाचं दुसरंच छोटं रीळ. त्यावर रंगांचा दोरा नसतोच."

"मग माझ्यात दोष असता तर मला रंग दिसले नसते," ठकी म्हणाली. "मला तर लांबून दिसतात."

"तुमच्या एका रिळावरचा दोरा तुटका असला तरी दुसऱ्यावरचा धड आहे. त्यावर तुमचं शिवण चालतं. म्हणून तुम्हाला पत्ताच लागला नाही. मुलाच्या वाट्याला दोन्हींपैकी एक जाणार. डोळे मिटून पेटीत हात घालावा आणि येईल ते रीळ उचलावं, तसं. त्याच्या वाट्याला तुटकं आलं. त्याच्याकडे दुसरं नव्हतं." डॉक्टरिणीनं विचारलं, "तुमच्या वडिलांना रंग नीट दिसायचे का?"

"माझ्या बाबांना?" ठकी उसळलीच. "अहो, रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता! नुसता अंगठा फिरवायचे आणि..."

ती बोलता बोलता थबकली. माझ्याजवळ आली. डोळे मिटले आणि बापासारखा अंगठा माझ्या काठावरून फिरवायला लागली. मित्रांनो, माझ्या काठांवर आता काही नव्हतं. पण बिजागरीखालच्या कोपऱ्यात सुताराचा हात पोचला नव्हता. तिथं ठकीचा अंगठा अडला. दोन उभ्या खाचा, हिरव्याच्या. शेजारी एक तिरपी, तपकिरीची.

'या रंगाचं नाव तुम्ही सांगा.' 'माझ्या पेटीला हात लावायचा नाही!' सगळं तिला एकदम आठवलं असावं, कारण ती हुंदके देत तेच पुटपुटायला लागली. मग म्हणाली, "हे चरे नव्हते. हे बाबांचे डोळे होते. मी पैसे देऊन घासून घेतले. आणि वर पोराला म्हणाले, डोळे फुटलेत का..."

नवऱ्याला इतक्या वर्षांच्या टोमण्यांचं उट्टं काढायची याहून नामी संधी मिळाली नसती. तो म्हणाला, "मी चहा ठेवतो." आणि आत गेला.

डॉक्टरीण तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "यात तुमचा काही दोष नाही. कुठलं रीळ जावं हे कोणाच्या हातात नसतं. तुमच्या वडिलांच्याही नव्हतं."

"ते कळलं हो," ठकी म्हणाली. "जे माझ्या हातात नव्हतं, त्याचा दोष नाही. पण बोलणं तर माझ्या तोंडातलं होतं ना? ते कोणाकडून आलं?"

डॉक्टरीण टेबलावरची रिळं एकेक करून माझ्या खुंट्यांवर परत लावायला लागली.

त्यानंतर ठकीनं सुरी घेतली आणि मला मांडीवर घेतलं. तिच्या आईनं घेतलं होतं, तसंच. कोपऱ्यात उरलेल्या खाचा बघून ती नव्या पाडत होती; पॉलिशचे टवके निघत होते, सुरी घसरत होती, खाचा वेड्यावाकड्या पडत होत्या. मध्येच तिचं बोट कापलं, तरी ती थांबली नाही. मला या वेळी मुळीच दुखलं नाही.

मग मला काखेत मारून ती सायकलच्या दुकानात गेली. लंबू साखळीला तेल देत होता. तिनं मला त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "तुला जे नाही दिसत ते माझ्याकडून आलंय. तुझ्या आजोबांचं माझ्यात आणि माझ्यातून तुझ्यात. तुझ्या बाबांच्या घराण्याचा यात काडीचा संबंध नाही. तू खरं सांगत होतास आणि मी ऐकलं नाही. चुकले मी."

लंबूनं साखळी खाली ठेवली. तेलकट हात विजारीला पुसले आणि अंगठा माझ्या काठावर ठेवला. तो अंगठा सरकला, पहिल्या खाचेत अडला, आणि पोरगं एकदम लहान झाल्यासारखं दिसलं. "इथं बघायचं," तो हळूच म्हणाला. "आजोबा म्हणायचे. आई, मला आठवतंय."

"हो रे."

"मग रफू? तेही त्यांच्याकडूनच आलं?"

"ते असं आपोआप नाही आलं," ठकी म्हणाली. "ते त्यांनी तुला शेजारी बसवून दिलं. हे खाचांचंही देत होते. मी घासून टाकलं."

लंबूनं तिचं कापलेलं बोट पाहिलं, वेड्यावाकड्या खाचा पाहिल्या. "तपकिरीची खाच उलटी तिरपी झालीय," म्हणाला. "चालेल. मी लक्षात ठेवीन." आणि मला उचलून स्वतःच्या काखेत घेतलं.

आता तो कोट पुन्हा धड झालाय. लंबू गिऱ्हाइकांना हसत म्हणतो, "रंगाचं नाव तुम्ही सांगा, मला हे रंग दिसत नाहीत." चारचौघांत, उघड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मास्तरांची फार आठवण आली. ठकी अजूनही अधूनमधून शिवता शिवता थांबते, पोराकडे बघते आणि डोळे पुसते. तिच्या मनातली ती खाच कुठल्या पॉलिशपेपरनं जाणारी नाही. आणि हल्ली कोणी म्हणालं, "हा अगदी तुमच्यावर गेलाय हं," तर ती म्हणते, "हो, सगळ्याच बाबतींत."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातली जुनी वस्तू चकचकीत करायला काढाल, तेव्हा आधी तिच्या अंगावरून एकदा अंगठा फिरवा. आणि तुमच्याजवळचं कोणी म्हणालं, "मला सारखंच दिसतंय," तर ओरडण्याआधी त्याचाही अंगठा हातात घ्या.